अवयवदानाची वाट अडते कोठे?

अलीकडे ३ ऑगस्ट हा दिवस देशात अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मृत दात्याच्या हृदयाचे देशातील पहिले यशस्वी रोपण झाले. या निमित्ताने फेऱ्या निघतात, शपथा होतात, महाविद्यालयांतून संकल्पपत्रे भरून घेतली जातात. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि, या उत्साहामागे एक समजूत गृहीत धरलेली असते. लोक पुरेसे उदार झाले की अवयव आपोआप उपलब्ध होतील, ही ती समजूत. ती निम्मीच खरी आहे.

मृत्यूनंतर डोळे किंवा त्वचा काही तासांपर्यंत देता येते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांची गोष्ट निराळी. ती बहुतांशी अशाच व्यक्तीकडून मिळतात, जिच्या मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबले आहे, परंतु कृत्रिम श्वसनयंत्रामुळे रक्ताभिसरण चालू आहे. डोक्याला जबर मार लागलेले किंवा मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्णच प्रायः या अवस्थेला पोहोचतात, आणि त्यांतील बहुतेक जण प्रथम येतात ते रुग्णालयाच्या अपघात विभागात. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणारे दाते देशभरात जेमतेम अकराशे होते, म्हणजे दर दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. अपघातात मरणारा प्रत्येक जण दाता होऊ शकत नाही हे उघड आहे. कित्येक जण जागीच किंवा वाटेत प्राण सोडतात. पण हे सारे वजा केले तरी उरणारी तफावत केवळ लोकांच्या अनुदारपणाने स्पष्ट होत नाही.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी रात्री काय घडते ते पाहावे. बेशुद्ध रुग्ण येतो, श्वासनलिकेत नळी घातली जाते, स्कॅन होतो, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असा निर्वाळा मिळतो. श्वसनयंत्रे मोजकी, बाहेर दुसरा रुग्ण ताटकळत असतो. खासगी रुग्णालय असेल तर बिल तासागणिक वाढते. ‘आता काही आशा नाही, घरी न्यायचे तर न्या’ असे नातेवाइकांना सांगितले जाते. मेंदूमृत्यूची तपासणी कोणी करीत नाही, दानाचा विषय कोणी काढीत नाही. हा रुग्ण संभाव्य दाता होता, अशी नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही आणि म्हणून काही गमावले गेले याची जाणीवही कोणाला होत नाही.

कायदा मात्र याबाबत मुका नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातील डॉक्टरांवर अशी जबाबदारी टाकली की, समन्वयकाच्या सल्ल्याने त्यांनी नातेवाइकांकडे दानाविषयी विचारणा करावी व हा पर्याय त्यांना समजावून द्यावा. मेंदूतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ यांना त्याच्या जागी प्रमाणपत्र देण्याची मुभाही दिली. म्हणजे अडचण कलमांची उरलेली नाही. वैद्यकीय कौशल्याचीही नाही, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचे धाडस फेब्रुवारी १९६८ मध्येच, म्हणजे बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत केले होते. उणीव आहे ती रुग्ण ओळखून पुढे कळविण्याच्या नित्य व्यवस्थेची.

या संदर्भात स्पेनचे उदाहरण नेहमी दिले जाते, परंतु बहुधा चुकीच्या कारणासाठी. नागरिकाची संमती गृहीत धरणारा कायदा तेथे १९७९ पासून आहे, एवढेच सांगितले जाते. वस्तुतः तो कायदा होऊन दहा वर्षे लोटली तरी दात्यांचे प्रमाण दहा लाखांमागे चौदाच्या आसपासच होते, आणि आजही तेथे कुटुंबाला विचारल्यावाचून कोणी पुढे जात नाही. बदल झाला तो १९८९ साली राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यावर. तिने रुग्णालयारुग्णालयांत बहुधा अतिदक्षता विभागातीलच डॉक्टर समन्वयक म्हणून नेमले आणि तेथील मृत्यूंची फेरतपासणी सुरू केली. कोणता रुग्ण दाता होऊ शकला असता व तो का निसटला, हे विचारले जाऊ लागले. पुढे हीच नजर अपघात विभागापर्यंत पोहोचली. २०२३ साली हे प्रमाण ४८ च्या वर गेले होते.

ब्रिटनमध्ये २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना ठळक संकेतच ठरवून दिले. झोपेच्या औषधांचा परिणाम नसताना शुद्धीच्या ग्लासगो मापनावर पंधरापैकी चार किंवा त्याहून कमी गुण आणि मेंदूच्या काही प्रतिक्षिप्त क्रियांचा अभाव दिसला की प्रशिक्षित परिचारिकेला कळवावयाचे. कळविणे म्हणजे नातेवाइकांना लगेच विचारणे नव्हे. उपचार चालूच राहतात.

हा भेद आपल्याकडे तर काटेकोरपणे पाळावा लागेल. ‘अवयवांसाठी आमच्या माणसाला मारले’ हा संशय जेथे सहज पसरतो, तेथे घाईने टाकलेला एक शब्दही पुढील अनेक दाने बुडवील. उपचार करणारा, मृत्यू ठरविणारा आणि दानाविषयी विचारणारा हे तिघे निराळे असले पाहिजेत. प्रमाणपत्र देणाऱ्या चार डॉक्टरांनी रोपणात भाग घेऊ नये व तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा व्हावी, हे बंधन त्यासाठीच आहे. केवळ दानाच्या आशेने रुग्णाला अतिदक्षता विभागात हलविण्याची स्पॅनिश पद्धत मात्र, जेथे वाचू शकणाऱ्यालाच खाट मिळत नाही तेथे, इतक्यात उचलणे धाडसाचे ठरेल. जे रुग्ण आधीच श्वसनयंत्रावर आहेत, त्यांच्यापासून आरंभ करणे शक्य आहे आणि न्याय्यही.

त्यासाठी शासनाने प्रत्येक मोठ्या रुग्णालयाकडून दरमहा तीन आकडे मागवून प्रसिद्ध करावेत: श्वसनयंत्रावर मेंदूच्या इजेने किती दगावले, किती जणांची मेंदूमृत्यूची तपासणी झाली आणि किती कुटुंबांना विचारले गेले. अपघाताच्या प्रकरणांत पोलीस पंचनामा व शवविच्छेदन यांसाठी लागणाऱ्या परवानग्यांची तरतूद २०१४ च्या नियमांत आहे. ती ठाण्यावरील रात्रपाळीच्या अंमलदारालाही ठाऊक असेल, अशी तजवीज गृहखात्याने करावयाची आहे.