'सेट' या शब्दाचे अर्थ किती?

इंग्रजीत तीन अक्षरांचा एक शब्द आहे, सेट. पाचवी-सहावीतल्या मुलाला त्याचा अर्थ विचारा. तो चटकन सांगेल, "सेट म्हणजे ठेवणे." गाइडात तसे छापलेले असते, वहीत तसे उतरवलेले असते आणि तेच पाठ झालेले असते. पुढे एखाद्या वाक्यात सूर्य 'सेट' होतो आणि मूल लिहून मोकळे होते, "सूर्य पश्चिमेला ठेवतो." गुण जातात. यात मुलाचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. त्याच्या हातात जे दिले तेच त्याने वापरले.

हा एवढासा शब्द केवढा मोठा आहे ते आधी पाहू. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. त्यात सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. चारशे तीसच्या आसपास अर्थ आणि ते समजावून द्यायला सुमारे साठ हजार शब्द. एवढ्यात एखादी बरीशी कादंबरी लिहून होते. नंतर तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 'सेट'चा पहिला नंबर गेला. २०११ च्या सुमारास कोशकारांनी 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. त्या एका शब्दावर पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसून होते. 'रन' पुढे का गेला? कारण यंत्रे आली. पूर्वी माणूस, घोडा आणि ओढ्याचे पाणी एवढेच पळत होते. पुढे आगगाडी, गिरणी, दुकान, वर्तमानपत्र, संगणकातला प्रोग्रॅम असे सगळेच 'रन' होऊ लागले.

लांब शब्द अवघड आणि लहान शब्द सोपा अशी आपली समजूत असते. शुद्धलेखनापुरती ती खरी आहे. पण 'फोटोसिंथेसिस' हा शब्द एकदा समजला की समजला, तो आयुष्यभर एकाच अर्थाने भेटतो. 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक', 'पुट' ही मंडळी मात्र प्रत्येक वाक्यात वेगळी टोपी घालून येतात. मुले इंग्रजीत अडतात ती बहुतेक इथेच.

'सेट' शोधायला ऑक्सफर्डला जायला नको. येळ्ळूरच्या वेशीतच तो भेटतो. विहिरीवर पंपसेट असतो, हेस्कॉमच्या कागदोपत्री त्याला 'आयपी सेट' म्हणतात. लग्न ठरले की सोन्याचा सेट निघतो, आहेरात स्टीलच्या डब्यांचा सेट येतो. बेळगावात हॉटेलात सेट दोसा मागवला तर ताटलीत दोन-तीन मऊ दोसे एकावर एक येतात. व्हॉलीबॉलचा मोठा सामना पाच सेटचा. नाटकाला सेट लागतो. गणितात आपण ज्याला संच म्हणतो तोही सेटच. स्लॅब पडला की गवंडी ओरडतो, "सेट होऊ दे, आत्ताच पाय ठेवू नको." मोबाइलवर गजर सेट करतात. प्रश्नपत्रिका काढणारे गुरुजी पेपर सेटर. आणि पोराला नोकरी लागली की शेजारी म्हणतात, "सेट झाला बघा." हा शेवटचा मुळात 'सेटल' आहे, बोलता बोलता त्याची शेपटी गळाली. ('सेटिंग' कशाला म्हणतात ते शाळेच्या अंकात सांगायला नको.)

म्हणजे ज्या मुलाला आपण "सेट म्हणजे ठेवणे" एवढेच शिकवतो, त्याच्या कानावरून यातले आठ-दहा अर्थ आधीच गेलेले असतात. वर्गात ते त्याला कोणी विचारत नाही, इतकेच.

एवढ्या गर्दीतून वाट काढता येते का? बरीचशी येते. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आठवीच्या मुलाला प्रयोजक क्रियापद ठाऊक असते. आता 'ठेवणे' पुसून 'बसवणे' लिहून पाहा. डॉक्टर मोडलेले हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. सोनार अंगठीत खडा सेट करतो, आपण खडा बसवतो. यंत्र सेट अप करतात, आपण यंत्र बसवतो. सूर्य सेट होतो म्हणजे दिवसभर वर असलेला खाली जाऊन टेकतो, त्याला आपण मावळणे म्हणतो. सिमेंट सेट होते म्हणजे घट्ट होऊन बसते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटचे हे घट्ट होणे पहिल्या अर्ध्या तासात सुरू होता कामा नये, नाहीतर गवंड्याला ते पसरायला वेळच मिळणार नाही. दहीही सेट होते, मराठीत ते लागते.

सगळे अर्थ या वाटेवर येतात असे नाही. 'सेट फायर' म्हणजे आग बसवणे नव्हे, आग लावणे. 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे. आणि पंपसेटमधला, डब्यांच्या सेटमधला सेट तर बराचसा दुसऱ्याच घरचा आहे. लॅटिनमध्ये 'सेक्टा' म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, झिजून 'सेट' झाला आणि बसवण्याच्या 'सेट'मध्ये मिसळून गेला. आपल्याकडे माळ्याच्या वर चढतात तो 'वर' आणि नवरीला शोधतात तो 'वर' दिसायला एकच, पण नाते काही नाही. तसेच हे.

इंग्रजी ही भारीच विचित्र भाषा, असे म्हणण्याआधी आपले घर पाहावे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नजर लागते, डोळा लागतो. आंबा गोड लागतो आणि तो आणायला पैसे लागतात. रोप लागते, नोकरी लागते, नाद लागतो. घरोघरी फोन आले आणि फोनही लागू लागला. स्टँडवर गाडी लागली म्हणजे पळत सुटायचे आणि घाटात कोणाला गाडी लागली म्हणजे पिशवी शोधायची. "ती तुझी कोण लागते?" याचे उत्तर "आत्या." हे कोणाच्या गाइडात नव्हते, तरी बालवाडीतले पोरही यात चुकत नाही.

आपल्या भागातल्या बोलण्यात तर आणखी गंमत आहे. "काय करूलालास?" "जेवूलालोय." "पाऊस पडूलालाय." पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हे ऐकून हसतात. त्यांना हसू द्यावे. आम्हांला तरी हा 'लाला' म्हणजे 'करू लागला'मधला लागणेच वाटतो, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. धारवाडकडचे लोक कन्नडमध्ये 'माडाक हत्यान' म्हणतात, म्हणजे 'करूलालाय'. त्यातला 'हत्तु' म्हणजे चढणे, चिकटणे, आग लागणे, शिवाय दहा हा आकडाही. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांनी एकच युक्ती केली आहे. येळ्ळूरचे मूल शाळेत मराठी, बाजारात कन्नड असे रोज ये-जा करते. एका शब्दाला अनेक अर्थ असतात ही गोष्ट त्याच्याइतकी सवयीची फार थोड्या मुलांना असेल. मग इंग्रजीच्या तासाला ही सवय आपण दाराबाहेर का ठेवायला लावतो?

साहेब लोक मराठी शिकू लागले तेव्हा त्यांची गत आज आपल्या मुलांची होते तशीच झाली असणार. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्यात 'लागणे' काढून पाहावे. अर्थामागून अर्थ लागलेले आहेत. "लागणे म्हणजे टच" असे एकच पाठ करून साहेबाचे भागले नाही, आपले तरी कसे भागेल?

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत. इंग्लंडमधल्या मुलांसाठी केलेले कोश आपल्या जपानी विद्यार्थ्यांच्या कामाचे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले, कारण त्या मुलांच्या घरी इंग्रजी नव्हते. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश केला. तो १९४२ साली जपानमध्येच प्रथम छापला गेला. आज ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश म्हणून जगभर चालतो तो हाच. त्याचे वैशिष्ट्य एकच: शब्द वाक्यात कसा वापरायचा ते दाखवायचे.

पालकांशी आता थोडे स्पष्ट बोलतो. प्राथमिक शाळेचे माध्यम सरकारने लादू नये, ते पालकांनी निवडावे, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात २०१४ साली सांगितले. तेव्हा आपल्या मुलाला कुठे घालायचे हा तुमचा अधिकार आहे, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण "इंग्रजी माध्यमात घातले की शब्द आपोआप येतात" हे कारण आम्हांला पटत नाही. घरी आजीपासून धाकट्यापर्यंत कोणी इंग्रजी बोलत नसेल, घरात एक इंग्रजी गोष्टीचे पुस्तक नसेल, तर ते मूल "सेट म्हणजे ठेवणे"च्या जागी "सेट म्हणजे पुट" पाठ करते. एवढाच फरक. शिवाय 'लागणे'शी ताडून पाहायची सोय त्याच्या हातून जाते. इंग्रजी कानावर कमी पडते ही आपल्या मुलांची खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरात इंग्रजी वाचले-बोलले जाते तिथल्या मुलाला हे अर्थ फुकट मिळतात. आपल्याला ते वाचून आणि वापरून मिळवावे लागतील.

शिक्षक म्हणतील, पोर्शन संपत नाही, त्यात हे कधी करायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की शब्द कमी करा. पाठाखालची वीस शब्दांची यादी बरोबरीचे चिन्ह घालून उतरवून घेण्यापेक्षा वर्षाला दहा लहान शब्द घ्या आणि प्रत्येकाची चार-सहा वाक्ये मुलांकडूनच काढून घ्या. पाचवी ते दहावी सहा वर्षांत साठ शब्द होतील. 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक', 'ब्रेक', 'टर्न' हे त्यात आलेच पाहिजेत. आणि चाचणीत "अर्थ लिहा" असा प्रश्न न विचारता "या वाक्यात अर्थ काय?" असे विचारावे. वाक्याशिवाय 'सेट'ला अर्थच नाही.

मोबाइलवर क्षणात भाषांतर मिळते, मग कोश कशाला, असेही विचारले जाते. मोबाइलला पूर्ण वाक्य दिले तर तो आजकाल बरेच बरोबर सांगतो, कारण तोही शब्दाचे शेजारी बघूनच अर्थ ठरवतो. नुसता शब्द टाकला तर तोही गाइडासारखाच एखादा अर्थ पुढे करतो. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो.

विश्वस्त मंडळींकडे एक मागणी आहे. संगणकावर खर्च झाला पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण त्याच्या तुलनेत फार थोड्या पैशांत पाचवीपासूनच्या प्रत्येक वर्गाला शिकणाऱ्यांच्या कोशाच्या पाच-पाच प्रती देता येतील. खिशातली डिक्शनरी नको, तिच्यात पुन्हा एका शब्दापुढे एकच अर्थ असतो. भरपूर वाक्ये असलेला कोश हवा. आणि तो वर्गातच, मुलांच्या हाताला लागेल असा ठेवावा. कपाटात ठेवून किल्ली ऑफिसात टांगली तर न घेतलेला बरा. पाने फाटतील, मळतील, कोपरे दुमडतील. फाटू द्यावीत.

मुलांनो, तुमच्यासाठी काम असे. घरी आजी-आजोबांना, शेतावर, दुकानात विचारून 'लागणे'ची जितकी वेगळी वाक्ये मिळतील तितकी वहीत लिहा. आपल्या बोलीतलीच लिहा, पुस्तकी करू नका. मग प्रत्येक वाक्यातल्या 'लागणे'ला इंग्रजीत कोणता शब्द येईल ते वर्गात सरांना, बाईंना विचारा. दर वेळी नवाच शब्द येताना दिसेल. ज्या वहीत जास्त वाक्ये असतील तिच्यातली निवडक पुढच्या अंकात नावासकट छापू.