घंटाफुले आणि उन्हाळ्याची दुपार

दोन वर्षांपूर्वी शहरातून परतताना आम्ही फुलांच्या बियाण्याचे एक पाकीट घेऊन आलो. त्यावर निळ्या फुलांचे चित्र होते, आकार हुबेहूब घंटेचा. कॅम्पॅन्युला हे त्याचे नाव. लॅटिन भाषेत ‘कॅम्पाना’ म्हणजे घंटा. याच्या कित्येक जाती युरोपातील आल्प्ससारख्या थंड पर्वतांवर, खडकांच्या फटींत फुलतात. आपल्या अंगणातही ती फुलावीत, असा मोह आम्हाला पडला.

बी अगदी धुळीसारखे बारीक. नोव्हेंबरात कुंडीत नुसते पसरले, वर माती घातली नाही. रोपे उगवली आणि हिवाळा त्यांना मानवला. पण होळी झाली आणि आमच्या रोहण्याचे ऊन तापू लागले. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथपर्यंत जाण्याची वेळच आली नाही, एप्रिलमध्येच रोपे माना टाकू लागली. आम्ही कार्यालयात जाताना पत्नीला बजावून जात असू, “दोन वेळा पाणी घाला बरं.” नळ आटला की ते पाणी बोरिंगवरून डोक्यावर येते, याचा आम्हाला विसर पडला होता. शेवटी धाकटी म्हणाली, “बाबा, ते थंडीचं झाड आहे. आईला कशाला दमवता?”

रोपे गेली, पण डोळे उघडले.

आता आमच्या अंगणात पिवळ्या घंटाफुलाचे झाड आहे. तेही मूळचे अमेरिका खंडातले, म्हणजे परदेशीच. पण उष्ण मुलुखातले, म्हणून आपल्याकडे रमले. लांब शेंगांतले पातळ, पंखांचे बी पावसाळ्यात पेरावे. एकदा मूळ धरले की थोड्या पाण्यावर तग धरते. कुंपणावर गोकर्ण सोडला आहे, निळ्या रंगाची हौस त्याने फिटते. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात तोडावे, छाटणी करावी, मग शेणखत देऊन पाणी सुरू करावे. तो ऐन उन्हात फुलतो. आपली काळी माती कुंडीत घट्ट बसते, तेव्हा तिच्यात रेती व शेणखत मिसळावे. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, ओल टिकते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे घालू नये.

हे पाणी आता आम्ही स्वतः घालतो, पहाटे ऊन चढण्यापूर्वी.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कूलरसमोर आम्ही पडून राहायचो आणि ‘घर कसे शांत आहे’ म्हणायचो. त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासली जात होती. ती शांतता एकट्या आमची होती. आमच्या आईवडिलांनी असे उन्हाळे दुसऱ्यांच्या शेतात काढले. सावलीतली दुपार आमच्या वाट्याला आली ती त्यांच्या कष्टाने. ती घरातल्या एकानेच उपभोगावी, हे बरे नव्हे.

आता सुट्टीच्या दिवशी जेवणानंतरची भांडी आम्ही आणि मुले घासतो. पत्नी ओसरीवर चटई टाकून तासभर वाचते, कधी झोपते. नवतपा सुरू झाला तरी उशाशी ओंजळभर मोगरा असतो. वाचकहो, फुले लावा. पण पाणी कोण आणते, हे आधी पाहा.