खात्यावरचे दोन हजार कोणाच्या हाती?

भेस्तान आता सुरत शहरातच मोडते, पण इथे राहणाऱ्या आपल्या पुष्कळ खानदेशी कुटुंबांचा सातबारा अजून नवापूर, नंदुरबार, साक्री याच बाजूचा आहे. घरधनी किंवा थोरला मुलगा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये नाहीतर लूमवर, आणि शेतात बायको, सासू व शाळा सुटल्यावरची मुले. अशा दोन ठिकाणी चूल पेटणाऱ्या घरात सरकारने थेट पाठविलेला पैसा काय करतो, याविषयी या पानावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. आमचे मत आधीच सांगतो. पैसा देणे योग्यच आहे. मात्र रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या आठवड्यात आणि कोणाच्या हातात पडते, यावर त्या घराचे बरेवाईट ठरते.

केंद्र सरकारची किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपले तितकेच जोडले, म्हणून नवापूरकडे जमीन असलेल्याला १२,००० आणि शेजारच्या उच्छल-सोनगडकडे जमीन असलेल्याला केंद्राचेच तेवढे ६,०००. हे सहा हजार म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपयेसुद्धा नव्हेत. २०१९ ते २०२५ या काळात त्यांत एका रुपयाची वाढ झाली नाही. खताबियाण्याचे भाव तर कोणासाठी थांबले नाहीत. २०२५ च्या खरिपात डीएपीचे पोते १,३५० रुपये होते आणि युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैसे. एक पोते आणि दोन गोण्या घेतल्या की दोन हजारांतून ११७ रुपये उरतात. कापूस लावणाऱ्याला बीटी बियाण्याचे एक पाकीट ९०१ रुपयांना पडले.

एवढ्याशा रकमेने काय होते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पगारदाराला ती क्षुल्लक वाटेल. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणगी रिकामी असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या दिवसांत दोन-तीन हजारांसाठी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि मग दिवाळीनंतर नवराबायको दोघांनी कोयता घेऊन बारडोली-मढीच्या बाजूला ऊसतोडीला जायचे, मुलांना शाळेतून काढून बरोबर न्यायचे. एका पोत्याच्या गरजेपायी अख्खा हिवाळा गहाण पडतो. त्या आठवड्यात हातात स्वतःचे दोन हजार असले तर मुकादमाला नाही म्हणता येते. नाही म्हणता येणे, हा आमच्या मते या पैशाचा सर्वांत मोठा गुण आहे.

पण तो त्या आठवड्यात यायला हवा ना! २०२५ साली त्या वर्षाचा पहिला हप्ता २ ऑगस्टला जमा झाला. तोवर पेरणी कधीच उरकली होती, आणि ज्याने उचल घ्यायची त्याने ती घेतली होती. एप्रिल ते जुलै हा त्या हप्त्याचा ठरलेला काळ. तो मे महिन्यातच का देऊ नये? तिजोरीवर एका पैशाचाही जादा भार पडणार नाही.

आता "पैसा दिला की दारूत जातो" या आक्षेपाकडे वळू. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. आठ गावांतील प्रत्येक माणसाला काही अट न घालता दरमहा रोख रक्कम दिली: मोठ्यांना आधी २०० आणि मग ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मी. मुलांची रक्कम आईच्या नावे. त्या गावांत डाळ व भाजीपाला जास्त खाल्ला जाऊ लागला, औषधे नियमाने घेतली जाऊ लागली, मुलींचे वयाच्या मानाने वजन सुधारले. लहान शेतकऱ्यांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक दिवस घातले. दारूचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. पुढे २०१४ मध्ये जागतिक बँकेच्या डेव्हिड एव्हन्स व अ‍ॅना पोपोवा यांनी निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास तपासले. तेथेही रोख मदतीमुळे दारू-तंबाखू वाढल्याचे दिसले नाही.

म्हणून काळजी नको असे मात्र नाही. सरासरी ही सरासरी असते. एखाद्या घरचा बाप हप्ता उचलून थेट नवापूरची हद्द ओलांडतो हेही खोटे नाही. (गुजरातेत दारूबंदी आहे, हे त्या हद्दीवरच्या दुकानदारांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.) पण त्यासाठी रोख बंद करून वस्तू वाटाव्यात हे आम्हांस पटत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी ४,००० रुपयांचे खावटी अनुदान काढले. निम्मे खात्यावर रोख आणि निम्म्याच्या वस्तू, त्यांत डाळ-कडधान्यांपासून मसाल्यापर्यंत यादी ठरलेली. ज्या घरात डाळ आहे पण तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात न्यायला भाडे नाही, त्या आईला यादी काय कामाची?

खरी अडचण पुढेच आहे. हप्ता जातो जमिनीवर ज्याचे नाव आहे त्याला, आणि ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचे असते. खुरपणी तिची, पाणी भरणे तिचे, आणि खाते त्याचे. त्यात आपल्या भेस्तानकरांची एक खास गंमत होते. हा पैसा आधार क्रमांकावरून पाठविला जातो आणि आधारशी शेवटी जे खाते जोडले त्यात पडतो. घरधन्याने उधन्यात पगारासाठी नवे खाते उघडले, आधार जोडला, की गावच्या खात्यात येणारा हप्ता गुपचूप इकडे वळतो. गावी बायको बँक मित्राच्या दारी दोनदोनदा हेलपाटे घालते आणि "आला नाही" ऐकून परतते. तो इकडे खोलीच्या भाड्यात केव्हाच जिरलेला असतो. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. पण जूनमध्ये बियाणे तिने कशाने आणावे?

यावर उपाय अवघड नाही. गावच्या शाखेत नवराबायकोचे संयुक्त खाते काढावे, घरधन्याने आपला आधार पुन्हा त्या खात्याला जोडून घ्यावा आणि कार्ड बायकोजवळ ठेवावे. पगार सुरतच्या खात्यात पूर्ववत जमा होत राहील.

दुसरे काम सातबाऱ्याचे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास "लक्ष्मीमुक्ती"ची हाक दिली आणि शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. तलाठ्याकडे पतीने स्वतः अर्ज करायचा असतो. वनहक्काच्या २००६ च्या कायद्यात तर पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावेच द्यावा असे लिहिले आहे. हे नाव लावले म्हणून हप्ता दुप्पट होत नाही, कारण पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाखेरीज लागलेल्या नावाला नवा हप्ताही सुरू होत नाही. पण उद्या बाईवर वैधव्य आले तर दिरांच्या दारात उभे राहावे लागत नाही, पीककर्ज तिला स्वतःच्या सहीने मागता येते, आणि तिच्या सहीवाचून जमीन विकली जात नाही.

अर्धलीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना यांतले काहीच नाही. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस काढलेल्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही घेतले होते, तेव्हा ते अशक्य होते असे कोणी म्हणू नये.

ई-केवायसी राहिल्यामुळे ज्यांचे हप्ते अडले आहेत त्यांनी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आधी पाहावे. सुरतेला आल्यावर सिमकार्ड बदललेल्यांचे घोडे बहुधा तिथेच अडते. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी २०२३ पासून चेहरा दाखवून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामातील शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या फोनवर वडीलधाऱ्यांचे हे काम करून द्यावे, आणि ते करताना हप्ता कोणत्या खात्यात जातो तेही बघून गावी आईला कळवावे.