नकार कळवण्याचे कर्तव्य

पुण्याच्या सदाशिव पेठेत पेरूगेटापासून टिळक रस्त्यापर्यंत जे जुने वाडे अजून तग धरून आहेत आणि पाडलेल्या वाड्यांच्या जागी ज्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील कित्येक खोल्यांत आज बीड, हिंगोली, यवतमाळ, जळगाव अशा जिल्ह्यांतून आलेली मुलेमुली कॉट बेसिसवर राहतात, मेसच्या डब्यावर भागवतात, दिवसाचा बहुतेक वेळ अभ्यासिकेत घालवतात आणि स्पर्धा परीक्षेच्या जोडीने खासगी नोकरीच्या मुलाखतीही देत असतात. त्यांच्यापैकी कोणाशीही बोलावे, तर जागांच्या टंचाईविषयी जितक्या कळवळ्याने तक्रार ऐकू येते तितक्याच, किंबहुना अधिक कळवळ्याने, दुसऱ्या एका गोष्टीची ऐकू येते: मुलाखत होते, "आम्ही कळवतो" असे सांगितले जाते, आणि त्यानंतर कोणीही काहीही कळवत नाही. फोन केला तर उचलला जात नाही. ईमेल पाठवला तर त्याची पोचही येत नाही.

नकार पचवण्याची ताकद या तरुणांत पुरेशी आहे. जो उमेदवार पूर्वपरीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण होऊन तिसऱ्यांदा अर्ज भरतो त्याला नकाराचे भय राहिलेले नसते. त्याला खचवते ती अनिश्चितता, आणि तिची किंमत रोख रकमेत मोजावी लागते. महिनाअखेर आला की कॉट ठेवावी की सोडावी हे ठरवायचे असते, मेसचे पैसे आगाऊ भरायचे असतात, गावी पेरणीच्या दिवसांत माणसाची निकड असते. चाकणच्या एखाद्या कारखान्यातून, सोमवारी रुजू व्हायचे असेल तर या, असा निरोप आलेला असतो आणि मनाजोग्या ठिकाणी झालेल्या मुलाखतीचे उत्तर "या आठवड्यात" येणार असते. अशा वेळी हातचे सोडून जो थांबतो, त्याच्या थांबण्याचा भार त्याला थांबवणाऱ्याने मुळीच सोसलेला नसतो. ज्या दोन ओळी लिहायला त्या कार्यालयाला दोन मिनिटे लागली असती, त्या न लिहिल्यामुळे शेतकरी बापाच्या खिशातून आणखी एका महिन्याचे भाडे जाते. हा केवळ शिष्टाचाराचा भंग आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे मला मान्य नाही.

मुलाखतीस बोलावणे म्हणजे एखाद्या माणसाचा वेळ, प्रवासखर्च आणि आशा आपल्या कामासाठी मागून घेणे होय. जो मागून घेतो त्याच्यावर उत्तराचे ऋण चढते, आणि ते फेडणे न फेडणे त्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याला कायद्याने मुदत घालून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मागणीत अपूर्व असे काहीही नाही. रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना देण्यासाठी आपल्याकडे 1959 साली जो कायदा झाला, तो सरकारी कचेऱ्यांप्रमाणेच पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनाही, काही अपवाद वगळता, लागू होता. आणि त्याखालील 1960 च्या नियमांनुसार रिकाम्या जागेची वर्दी मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी सेवायोजन कार्यालयाला द्यावी लागे, तसेच निवडीचा निकालही निवडीपासून पंधरा दिवसांच्या आत त्याच कार्यालयाला कळवावा लागे. म्हणजे निकाल मुदतीत कळवणे मालकाला अशक्य नाही, हे नियमकर्त्यांनी साठहून अधिक वर्षांपूर्वीच गृहीत धरले होते. फक्त ज्याच्या आयुष्याशी त्या निकालाचा साक्षात संबंध, त्या उमेदवाराचा उल्लेख तेवढा राहून गेला. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. नवे नियम रचताना ही उणीव भरून काढण्यास कोणती आडकाठी आहे?

येथे सरकारनेही स्वतःकडे पाहणे अगत्याचे आहे, कारण सर्वांत मोठा नोकरदाता तेच आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षा 2019 चा अंतिम निकाल 19 जून 2020 रोजी लागला, 413 उमेदवारांची शिफारस झाली, आणि तहसीलदार, उपजिल्हाधिकारी म्हणून ज्यांचे सत्कार गावोगाव होऊन गेले होते त्यांना नेमणुकीच्या हुकमासाठी वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. मराठा आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता हे खरे. परंतु कोणत्या टप्प्यावर काय अडले आहे हे लेखी, नियमित कळवण्यास कोणत्याही न्यायालयाने मनाई केलेली नव्हती. त्याच सुमारास अभियांत्रिकी सेवेची मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीच्या प्रतीक्षेत असलेल्या, पुण्याजवळच्या एका तरुणाने 2021 च्या जूनअखेर आपले जीवन संपवले. अशा घटनेला एकच कारण नसते, आणि त्या कुटुंबाच्या दुःखातून युक्तिवाद उभारणे मला रुचत नाही. पण आयोगावरील सदस्यांच्या रिक्त जागा 31 जुलैपर्यंत भरण्याचे आश्वासन त्यानंतर विधिमंडळात द्यावे लागले, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

खासगी क्षेत्रातील व्यवस्थापक सांगतात की अर्जच हजारोंनी येतात, प्रत्येकाला उत्तर कोठून देणार. अर्ज आणि मुलाखत यांची ही गल्लत आहे. अर्ज हजार आले तरी समोर बसवून प्रश्न विचारलेली माणसे दहा-वीसच असतात, आणि त्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी कार्यालयाच्या दप्तरी असतात. कारणे दिली तर वाद उद्भवतील, ही दुसरी भीती. तर कारणे देऊच नयेत, निर्णय तेवढा कळवावा. खरे कारण बहुधा निराळेच असते. पहिल्या पसंतीचा उमेदवार तीन महिन्यांची नोटीस संपवून येईपर्यंत दुसरा हाताशी असावा, म्हणून त्या दुसऱ्याला 'नाही' असे कोणी सांगत नाही. ही सोय हवीच असेल तर सरकारी भरतीत जशी प्रतीक्षा यादी जाहीर होते, तसे त्यालाही सांगावे की आपण यादीत आहात आणि ती अमुक तारखेस रद्द होईल. मग थांबायचे की नाही हे तो स्वतःच्या अकलेने ठरवील.

उत्तर देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. सदाशिव पेठेतच 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मराठेशाहीचे जे कागद जपून ठेवले आहेत, ते चाळणाऱ्याला ठाऊक असते की आलेले पत्र पावल्याचे आणि त्यातील मजकूर समजल्याचे नमूद करून मगच पुढचे लिहायचे, असा त्या पत्रव्यवहाराचा रिवाज होता. घोडेस्वाराच्या हाती खलिता देणाऱ्यांना जे जमले, ते एका कळीवर शंभर जणांना निरोप धाडणाऱ्यांना जमू नये, याची खंत वाटते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने 1 जानेवारी 2026 पासून असा नियम लागू केला आहे की, पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवलेच पाहिजे. महाराष्ट्राने पंचेचाळीस नव्हे, जुन्या नियमातले पंधरा दिवसच कायम करावेत, निर्णय लांबणार असेल तर तसे कळवण्याची मुभा ठेवावी, आणि कसूर करणाऱ्या आस्थापनेस दंड ठेवावा. तोवर 1934 पासून पुण्यातील उद्योगांचे नेतृत्व करणाऱ्या मराठा चेंबरने आपल्या सभासदांकडून एवढे वचन घ्यावे की मुलाखतीस आलेला प्रत्येक उमेदवार निर्णयाची तारीख घेऊनच दाराबाहेर पडेल.