सूत्र आधी, कात्री नंतर: हा क्रम उलटा आहे

बीजगणितातील अवयव शिकवताना हाताळता येतील अशा प्रतिकृती वापराव्यात, याला आज देशात फारसा कुणाचा विरोध नाही. एनसीईआरटीच्या माध्यमिक स्तरावरील गणित प्रयोगशाळा पुस्तिकेत कागद कापून (अ + ब)² चा विस्तार पडताळण्याचा उपक्रम आहे. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातील २० गुणांपैकी ५ गुण गणिताच्या प्रयोगकार्याला आहेत. तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो ‘पडताळणे’ या शब्दालाच आहे.

सूत्र आधी फळ्यावर येते, मग पाठांतर होते आणि सत्राच्या शेवटी वहीत रंगीत कागद चिकटतो. ज्या कृतीचे उत्तर आधीच ठाऊक आहे, तिच्यात शोधायचे काय उरते? शाळेत मीही अशीच वही भरली, पूर्ण गुण मिळवले. मधले पद का फोडायचे, हे मात्र मला सांगता आले नसते.

क्रम बदलून पाहा. पुठ्ठ्याचे तीन आकार कापावेत: क्ष बाजूचा चौरस, क्ष लांब व १ रुंद पट्टी आणि १ बाजूचा लहान चौरस. पट्टीची लांबी लहान चौरसाच्या पूर्ण पटीत नसावी. नाहीतर मुले मोजून क्ष ची किंमत काढतात आणि अज्ञात अज्ञात राहत नाही. आता १ मोठा चौरस, ५ पट्ट्या व ६ लहान चौरस द्यावेत आणि एवढेच सांगावे: सगळे वापरून एकच आयत रचा. ६ चौरस एका ओळीत मांडले तर ७ पट्ट्या लागतात. तीन-तीनच्या दोन ओळी केल्या की आयत पुरा होतो; बाजू (क्ष + २) आणि (क्ष + ३). ‘गुणाकार ६, बेरीज ५’ हा नियम विद्यार्थ्याला स्वतःच सापडतो.

मग एक लहान चौरस काढून घ्यावा. क्ष² + ५क्ष + ५ चा आयत काही केल्या जुळत नाही. पूर्णांकांत अवयव पडत नाहीत म्हणजे काय, ते या अडण्यातून कळते. पडताळणीच्या उपक्रमात ही अडचण येतच नाही. तिथे जुळणारीच आकृती आधी निवडलेली असते.

प्रतिकृतीला मर्यादा आहेत. ऋण पदांसाठी दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या घ्याव्या लागतात, आणि ऋण क्षेत्रफळ ही कल्पना सहज पचणारी नाही. पण पुठ्ठा अपुरा पडतो हे स्वतः अनुभवलेल्या विद्यार्थ्यालाच चिन्हांची गरज पटते. ‘वेळ कुठे आहे?’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन, की इथे वाचवलेल्या दोन तासिका दहावीच्या वर्गसमीकरणांपाशी व्याजासह फेडाव्या लागतात.

शुल्बसूत्रांत आयताचा चौरस करण्याची रीत आहे. आयताच्या रुंदीएवढा चौरस वेगळा काढायचा, उरलेल्या भागाचे दोन समान तुकडे करायचे, त्यांतला एक लगतच्या बाजूला लावायचा. कोपऱ्यात एक लहान चौरस उणा राहतो. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) ही तीच रचना आहे. या वारशाचा गौरव भाषणांत पुष्कळ होतो. वर्गात तो पोचवायला एक कात्री पुरेल.

शिक्षकहो, ते ५ गुण आयत का जुळला नाही, याच्या स्पष्टीकरणाला द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, जुन्या वहीचा पुठ्ठा आजच कापा. क्ष² + ६क्ष + ८ पासून सुरुवात करा. मग ८ च्या जागी ७ घेऊन पाहा.