समुद्रतळाची स्वस्ताई

दिवाळीची सुटी लागली, की नाशिकहून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघतात. एके काळी या प्रवासाची सांगता सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवरायांच्या मंदिरात होत असे. आता किल्ल्याच्या तटाशी नौका थांबते, प्रवासी डोळ्यांवर काच चढवतो, तोंडात हवेची नळी धरतो आणि पाण्याखाली जातो. स्कूबा डायव्हिंग हा शब्द वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता. आज मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर तो भजी आणि शहाळ्यांइतक्याच सहजतेने उच्चारला जातो. ज्यांच्या आईवडिलांनी समुद्र पाहिला नाही, अशा घरांतील मुले समुद्राचा तळ पाहून येतात, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. श्रीमंतांचा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला, तर अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तक्रार करण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. काही काळापूर्वी प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर त्या किनाऱ्यावर गेला होता. गाडीतून उतरताच दलालांनी गराडा घातला. पहिल्याने सांगितलेला दर शंभर पावलांच्या आत निम्म्यावर आला. आपण घासाघीस करून पैसे वाचवले, या आनंदात विद्यार्थी होते. दर निम्म्यावर आला, तेव्हा नेमका कोणता खर्च निम्म्यावर आला, हे मात्र एकानेही विचारले नाही. नौकेच्या इंधनाचा? तो तर कमी होण्यासारखा नाही. मग उपकरणांच्या देखभालीचा, सोबत उतरणाऱ्या वाटाड्याच्या विश्रांतीचा, की नौकेत बसवायच्या माणसांच्या संख्येचा?

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले. २००१ साली त्यांना दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हा निबंध होता. त्याचा आशय कोणाही गृहिणीला पटेल असा आहे. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. ग्राहक जे दिसते त्याचीच, म्हणजे दराची, तुलना करतो. परिणामी चांगला माल देणाऱ्याचा खर्च भरून निघत नाही आणि हळूहळू तो बाजारातून हटतो. स्पर्धेने दर्जा सुधारावा, ही आपली अपेक्षा. जेथे दर्जा दिसत नाही, तेथे स्पर्धा तो खालीच ओढते.

पाण्याखालच्या व्यवसायात तर जवळजवळ सर्वच न दिसणारे असते. दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. तेथे छातीत घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर उसळला, तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा करू शकते. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये, हा पाणबुड्यांचा पहिला नियम आहे. प्रवाहाचे गणित त्याहून कठोर आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की अंगावरील त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी दोन किलोमीटर हा रस्त्यावर रमतगमत चालण्याचा वेग. पण तेवढ्या वेगाच्या ओढीविरुद्ध कसलेला पाणबुड्याही फार वेळ पोहू शकत नाही. पोहताच न येणाऱ्या कारकुनाची किंवा विद्यार्थ्याची गोष्टच सोडा.

ज्या समुद्रात धोका उघड दिसतो, तेथे माणूस आपोआप सावध राहतो. अंदमानातील बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. खोल समुद्रातून सरळ वर आलेल्या अशा बेटाच्या कडांशी पाण्याचे प्रवाह अडतात, वळतात आणि वेग घेतात. तेथे नवख्या माणसाला उतरवण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. धुमसणारा डोंगरच पहारा देत असतो. मालवणचा उथळ समुद्र मात्र घरच्या विहिरीसारखा वाटतो, आणि विहीर ओळखीची म्हणून निष्काळजीपणाने उतरणारेच तिच्यात बुडतात, हे गोदाकाठच्या माणसांना सांगावयास नको. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी नौका उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. तो अपघात पाण्याखाली नव्हे, पाण्यावर झाला, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. सुरक्षितता नळी आणि टाकीपुरती नसते. किनारा सोडल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंतची ती एक सलग साखळी असते.

स्वस्ताईचा दुसरा धनको तर तक्रारही करू शकत नाही. तो म्हणजे प्रवाळ. घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढते. नांगराचा एक आघात किंवा नवशिक्याच्या पायाचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडून टाकतो. छायाचित्रात मासे यावेत म्हणून त्यांना खाऊ टाकला, तर त्यांच्या सवयी बिघडतात. या हानीची पावती कोणाच्याही हाती पडत नाही. म्हणून ती कोणाच्याही हिशेबात नसते.

यावर शासनाने कडक नियम करावेत, हे उत्तर जिभेच्या टोकावर असते. नियम हवेतच. परंतु मालवणचा इतिहास येथे सावध करतो. १९८७ साली या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यास मच्छीमारांनी विरोध केला. आपल्या पोटावर पाय येणार, ही त्यांची भीती होती. ज्यांच्या सहकार्यावाचून समुद्राची राखण अशक्य, तेच दुरावले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात प्रकल्प झाला, राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीस प्रशिक्षण संस्था उभारली आणि किनाऱ्यावरील अनेक तरुण पाणबुडे झाले. जिवंत प्रवाळ हेही उत्पन्नाचे साधन आहे, हे त्यांना अनुभवाने पटले. आज प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नाही. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांनी तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांचे उदाहरण प्रसिद्धीस आणले. तेथे मासेमारीच्या जागा ठरलेल्या असतात, हंगामाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून त्यांचे वाटप होते आणि नंतर प्रत्येक जण रोज एक जागा पुढे सरकतो. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्यास येते आणि भांडण उरत नाही. हे वाचून आपल्याला नवल वाटते. पण मालवणच्या वाळूत याहून जवळचा दाखला उभा आहे. तो म्हणजे रापण. अनेक माणसे मिळून एकच प्रचंड जाळे ओढतात आणि आलेल्या मासळीचे ठरलेले वाटे करतात. समुद्र सामाईक, कष्ट सामाईक, म्हणून लाभही सामाईक, ही त्यामागची साधी नीती.

समुद्राखालचे पर्यटन रापणीच्या या नीतीने चालवावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. नौकाधारक आणि पाणबुडे यांची एकच सहकारी संस्था असावी. डुबकीच्या जागा व तेथील दिवसाची कमाल संख्या ठरलेली असावी. फेऱ्या पाळीने मिळाव्यात. दर एकच असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा. त्यातील एक वाटा विम्याचा, एक उपकरणांच्या देखभालीचा, एक प्रवाळाच्या राखणीचा असावा आणि उरलेले वाटे काम करणाऱ्यांचे.

यातून साधणारी सर्वांत मोठी गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसणार नाही. कोकणातला तांडेल भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ अधिक आणि अष्टमीच्या भांगाला कमी, हे त्याला घड्याळाशिवाय कळते. पाणी गढूळ आहे, ओढ वाढली आहे, आज उतरू नये, हा निर्णय त्याच्याइतका अचूक कोणी देऊ शकत नाही. पण आज तो ‘नको’ म्हणाला, तर गिऱ्हाईक शेजारच्या नौकेत जाऊन बसते आणि त्याची त्या दिवसाची चूल अडते. शहाणपणाचा दंड एकट्या शहाण्याला भरावा लागतो. उत्पन्न वाटून घेणाऱ्या व्यवस्थेत ‘आज नको’ या शब्दांचा भार सर्वांवर सारखा पडतो. म्हणूनच ते शब्द उच्चारले जाण्याची शक्यता वाढते.

एकच दर म्हणजे मक्तेदारी, असा आक्षेप यावर येईल, आणि तो चुकीचा नाही. कोणतीही एकजूट ग्राहकाला लुटू शकते. म्हणून संस्थेचे सभासदत्व स्थानिकांना खुले असावे, हिशेब दर वर्षी जाहीर व्हावेत, दराला स्थानिक स्वराज्य संस्थेची संमती असावी आणि विद्यार्थ्यांना सवलत मिळावी. एवढे करूनही डुबकी थोडी महाग होईल, हे मान्य केले पाहिजे. पण ती महाग होणार नाही, केवळ तिची खरी किंमत उघड होईल. आजही ती कोणी तरी भरतच आहे. फक्त भरणारा आपण नसतो.

हे घडण्याचा प्रश्न तातडीचा आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका २०२५ साली राज्याकडे सोपवण्यात आली असून, निवतीच्या समुद्रतळी तिचे संग्रहालय करण्याची योजना आहे. किल्ल्याच्या आडोशातून पर्यटक उद्या खुल्या पाण्याकडे वळतील. तेथे आजची बाजारपेठ जशीच्या तशी नेणे परवडणारे नाही.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? घासाघीस करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारणे: आज पाण्याला ओढ कशी आहे, आणि नौकेत किती माणसे बसवणार? दोहोंचे उत्तर समाधानकारक नसेल, तर वाळूत बसून रापण ओढताना पाहावी. समुद्र उद्याही तेथेच असणार आहे.