धाराशिवचं इंटरनेट आणि अवकाशातला लेझरचा नेम

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपल्या मराठवाड्यातलं धाराशिव, अशा भागांत सॅटेलाइट इंटरनेट न्यायचं ठरलंय. मग ‘आता लेझरचं इंटरनेट येणार’ हा प्रश्न मला मित्र विचारतात. लेझर खरं आहे, पण ते तुमच्या गच्चीवर उतरणार नाही.

लेझर लागतो तो उपग्रहांना एकमेकांशी बोलायला. त्यात खरी कसरत नेम धरण्याची. समजा, किरण १० मायक्रोरेडियन पसरतो. छत्रपती संभाजीनगरातून साधारण १५ किमीवरच्या देवगिरी किल्ल्यावर तो टाकला, तर ठिपका जेमतेम १५ सेंटिमीटरचा. १,००० किमीवर तोच १० मीटरचा. आता समोरचा उपग्रह सेकंदाला ५ किमी वेगाने आडवा पळतोय असं धरा. त्याचा उजेड आपल्याकडे यायला ३.३ मिलिसेकंद, आपला तिकडे पोचायला तेवढेच. तेवढ्यात तो ३३ मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे ‘दिसतो तिथे’ नेम धरला की लिंक तुटलीच.

म्हणून आधी कक्षेच्या गणितावरून अंदाजे दिशा धरतात, मग आजूबाजूला किरण फिरवून समोरच्याला शोधतात. सापडला की सेन्सर बघतो, उजेड मधोमध पडतोय का; आणि एक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा हलून नेम सावरतो. उपग्रहाची स्वतःची थरथरही त्यालाच सांभाळावी लागते.

मग हाच लेझर थेट जमिनीवर का नाही? ढग. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो किरण ढगातच अडकेल. म्हणून उपग्रह ते डिश हा टप्पा रेडिओलहरींचाच. मुसळधार पावसात त्याही कमजोर होतात, पण सहसा पूर्ण आंधळ्या होत नाहीत.

दुसरी गोष्ट नियमांची. भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच गेटवेतून गेला पाहिजे, अशी सरकारची अट आहे. त्यामुळे लेझरने डेटा परदेशी उतरवायची सोय इथे कामाची नाही. जमिनीवरचे गेटवे लागणारच.

माझ्या मते अवकाशातला नेम आता बऱ्यापैकी सुटलेला प्रश्न आहे. धाराशिवच्या शाळेत अडेल ते वेगळंच: डिशला साधारण ७५ ते १०० वॅट वीज सलग लागते, आणि महिन्याचं बिल कुणीतरी भरावं लागतं. तुमच्या गावात डिश बसली, तर ग्रामसभेत हे दोन प्रश्न आधी विचारा.